आठ दिवसांचे मौन

(मंडळाच्या वर्धापनदिनी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कुणी विद्वान पाहुण्या बोलवाव्यात, असा आपला नेहमीचा रिवाज. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, पाहुण्यांचे पुष्कळ ऐकले, आता घरच्याच कुणीतरी बोलावे. आणि मौज अशी की त्यांनी बोलायला निवडली कोण, तर जिचा घसा गेल्या महिन्यात पार बसला होता ती मी! विषय विचारला तर म्हणाल्या, "घशावरच बोला. आम्हांला औषध तरी कळेल." तेव्हा औषध सांगते. पण त्या आठ दिवसांत घशाच्या निमित्ताने मनात देवाधर्माचे आणि राजकारणाचेही बरेच काही येऊन गेले. तेही सांगितल्यावाचून राहवणार नाही.

आपल्या येलदरीची थंडी तुम्हांला ठाऊक आहे. पूर्णेवरचे हे धरण 1968 च्या सुमारास उभे राहिले, आणि तेव्हापासून पाण्यावरून येणारा पहाटेचा गार वारा आपल्या वाट्याला आला. त्यात तुरीच्या खळ्यांची धूळ, त्यात सप्ताहाचे जागरण. तिसऱ्या दिवशी घसा खवखवू लागला, चौथ्या दिवशी घोट गिळताना काटे टोचल्यासारखे होऊ लागले, आणि पाचव्या दिवशी सकाळी मुलांना हाक मारायला तोंड उघडले तर आवाजच नाही! फुंकणीतून निघावा तसा नुसता वारा.

डॉक्टरबाईंनी जीभ दाबून, बॅटरी लावून घसा पाहिला, गाठी चाचपल्या, आणि म्हणाल्या, "बाई, याला मोठे औषध नाही. आठ दिवस बोलायचे नाही." मी कुजबुजत विचारले, हळू बोलले तर चालेल का? त्या हसल्या. "कुजबुजायचेही नाही. त्याने घशावर आणखी ताण पडतो."

आता हे असे का, ते त्यांनी मला समजावून सांगितले तेवढे तुम्हांला सांगते. आपल्या गळ्यात स्वरयंत्र आहे, आणि त्यात दोन लहानशा स्नायूंच्या घड्या आहेत. त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातला वारा त्यांच्यामधून जाताना त्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज उमटतो. आपण बायका साधे बोलतो तेव्हा हे तंतू एका सेकंदात सुमारे 200 वेळा कंप पावतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे वेळा. म्हणून आपला आवाज बारीक. घसा सुजला की या घड्या जाड होतात, नीट मिटत नाहीत, आणि मधून वारा निसटतो. सुजलेल्या पायाने शेतात चालत राहिले तर पाय बरा होईल का? तसेच घशाचे आहे. त्याला विसावा हाच उपाय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. बहुतेक वेळा घसा दुखतो तो विषाणूंमुळे, आणि पाच-सात दिवसांत आपला आपण बरा होतो. विषाणूंवर अँटिबायोटिक गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो. तरी आपण दुकानातून दोन गोळ्या आणतो, एक घेतो, बरे वाटले की दुसरी डब्यात ठेवून देतो आणि पुढच्या वेळी मुलाला देतो. हे करू नये. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. लहान मुलांच्या घशात कधी कधी एका जातीच्या जंतूंची लागण होते. ताप चढतो, गळ्याला गाठी येतात, टॉन्सिलवर पांढरे डाग दिसतात, खोकला मात्र नसतो. हे दुखणे अंगावर काढले तर पुढे काही मुलांना सांधेताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना याचा धोका अधिक. अशा वेळी डॉक्टर पेनिसिलीनसारखे औषध देतात. ते दहा दिवसांचे सांगितले तर दहाही दिवस द्यावे, तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागले म्हणून बंद करू नये.

घटसर्प हा घशाचा जुना वैरी. आपल्या आज्यांच्या काळी या रोगाने घरेच्या घरे ओस पडत. आता बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांची लस मिळते, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे झाले की बूस्टर मिळतो, आणि पुढे 10 व्या व 16 व्या वर्षीही टोचतात. आपण पहिल्या तीन वेळा उत्साहाने जातो आणि पुढच्या विसरतो. घरी गेल्यावर मुलांची कार्डे काढून बघा.

घरगुती उपायांचे म्हणाल तर त्या आठ दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक उपाय आला. कुणी हळदीचे दूध, कुणी ज्येष्ठमधाची काडी, कुणी सुंठ-तुळशीचा काढा, कुणी लवंग आणि खडीसाखर. सासूबाईंनी अडुळशाचा रस काढला. तो इतका कडू की आवाज असता तर मी ओरडलेच असते! यांतल्या बहुतेकांनी घशाला ऊब मिळते, बरे वाटते. पण सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा गुळण्या, आणि पुष्कळ पाणी पिणे. मध चाटवला तरी चालतो, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही देऊ नये. आणि गिळता येईना, लाळ गळू लागली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर काढ्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक दिवस बसलेला राहिला तरीही दाखवून घ्यावे. आपल्यातल्या ज्या भगिनी मशेरी लावतात, तंबाखूची चिमूट धरतात, त्यांनी तर नक्कीच. मशेरी दातांना बळ देते हा भ्रम आहे. ती तोंडाला आणि घशाला कर्करोगाच्या वाटेवर नेते. हे बोलताना कुणाकडे बघायचे नाही असे ठरवून आले आहे, म्हणून वर छताकडे बघते आहे.

असो. औषध संपले, आता मौनाकडे वळते.

पहिले दोन दिवस घरात गोंधळ उडाला. मोबाइलवर लिहून दाखवावे तर सासूबाईंना ती बारीक अक्षरे दिसत नाहीत. अखेर धाकट्याची पाटी घेतली. पाटीवर लिहायचे म्हटले की माणूस मोजकेच लिहितो. "अरे किती वेळा सांगितले तुला, दप्तर जागेवर ठेव, ऐकायला येत नाही का" एवढे सगळे लिहिण्याऐवजी मी लिहिले, "दप्तर." आणि नवल म्हणजे दप्तर जागेवर गेले! तिसऱ्या दिवशी मुलेही आपोआप हळू बोलू लागली. घरातला अर्धा कालवा आपल्याच घशातून निघत असतो, हे कळायला घसा बसावा लागला.

आपल्या धर्मात मौनाला मोठा मान आहे. चातुर्मासात मुक्याने जेवायचा नेम आपल्या सासवा-आज्या धरत, काही जणी अजून धरतात. शास्त्रकारांनी जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोठ्याने म्हटला तो वाचिक, ओठांतल्या ओठांत पुटपुटला तो उपांशु, आणि ओठही न हलवता मनात केला तो मानस. तिन्हींत मानस जप श्रेष्ठ मानला. इथून जवळ जिंतूरच्या नेमगिरीच्या लेण्यांना आपल्यापैकी पुष्कळ जणी गेल्या असतील. तिथल्या जैन धर्मात वाणी आवरण्याला वचनगुप्ती म्हणतात, आणि तो साधनेचाच एक भाग आहे. बौद्ध बंधुभगिनींच्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे, म्हणजे खोटे, चहाडीचे, कठोर आणि वायफळ बोलू नये. परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाला आपण सगळेच जातो. त्या सूफी परंपरेतही ईश्वराचे स्मरण मोठ्यानेही होते आणि अगदी मनातल्या मनातही होते. वाटा वेगळ्या, पण देवाला ऐकू यायला घशाचा जोर लागत नाही, एवढे सगळ्यांनी सांगून ठेवले आहे.

आणि आपण काय करतो? देवळावर कर्णा, मशिदीवर कर्णा, लग्नात कर्णा, जयंतीला कर्णा! सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट सांगितले की रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात ध्वनिक्षेपक वाजवू नयेत, आणि सणासुदीची सवलतसुद्धा वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती. अंथरुणावर पडून चारही दिशांचे कर्णे ऐकताना मला वाटे, जो जनाबाईचा आवाज जात्याच्या घरघरीतून ऐकतो असे आपण मानतो, त्याला हे एवढे मोठ्याने कशाला सांगायचे? जनाबाई आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरची दासी म्हणून राबल्या. त्यांना कर्णा नव्हता, पण सातशे वर्षांनंतरही त्यांचे ऐकू येते आहे. आजाऱ्याला झोप लागू नये आणि लेकरांचा अभ्यास होऊ नये, असे पुण्य कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही.

धर्माप्रमाणे राजकारणातही मौनाचा वापर झालेला आहे. गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. 2 जून 1947 हा सोमवार होता. देशाच्या फाळणीची योजना घेऊन व्हाइसरॉय माउंटबॅटन बसलेले, आणि गांधीजींचा मौनाचा दिवस! त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने चार ओळी लिहून आपले म्हणणे दिले, पण नेम मोडला नाही. आणि आपल्या निवडणुकीच्या कायद्यात तर मौन लिहूनच ठेवले आहे. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर प्रचार बंद. महिनाभर घसे फोडून झाल्यावर दोन दिवस गप्प, म्हणजे मतदाराला स्वतःच्या मनाचे ऐकू यावे. लोकशाहीनेही हे एक व्रत धरले आहे म्हणायचे!

पण भगिनींनो, हे झाले आपण होऊन धरलेले मौन. दुसरे एक मौन असते, ते लादलेले. आपल्या मराठवाड्याला ते चांगले ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण 53 नावाचा हुकूम होता. त्याने परवानगीवाचून सभा भरवायची बंदी. शाळा उर्दूतून, कचेरी उर्दूतून, मराठी बोलायची ती घरात. तशात 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते, आता ते जालन्यात गेले. पुढच्याच वर्षी, 1938 मध्ये, औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले, तर त्यांना काढून टाकले. त्यांनी काही फोडले नव्हते, कुणाला मारले नव्हते, नुसते गाणे म्हटले होते. नागपूर विद्यापीठाने त्या मुलांना पदरात घेतले. त्यानंतर दहा वर्षांनी, 17 सप्टेंबर 1948 ला, आपला घसा मोकळा झाला.

स्वातंत्र्यानंतरही असा प्रसंग आला. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली तेव्हा विनोबाजी वर्षभराच्या मौनात होते. 25 डिसेंबर 1974 ला त्यांनी ते धरले होते. मौनातच त्यांच्याकडून "अनुशासन पर्व" एवढे दोन शब्द बाहेर आले. सरकारने ते दोन शब्द आपल्याला मिळालेला आशीर्वाद समजून जागोजाग लावले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन असते ते आचार्यांचे, सत्तेचे असते ते शासन. पण तोवर त्या दोन शब्दांचा दुसऱ्यांनी लावलेला अर्थ देशभर पसरला होता. मोठ्या माणसाचे काय आणि आपल्यासारखीचे काय, आपण गप्प असलो की आपल्या गप्प बसण्याचा अर्थ दुसरेच लावतात.

त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन होते, आणि अध्यक्षपदी एक बाई होत्या, दुर्गाबाई भागवत. मांडवात राज्यकर्ते बसलेले, वर्तमानपत्रांवर नियंत्रण, भलेभले मूग गिळून गप्प. दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांना बरे वाटावे म्हणून सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना तुरुंगात जावे लागले. दुर्गाबाईंचा आवाज काही गडगडाटी नव्हता. घसा मोठा असावा लागत नाही, मोकळा असला की पुरे.

आता मला जे खरे सांगायचे आहे तिथे येते.

माझ्या आजारपणात आमच्या गल्लीतल्या एक काकू रोज दुपारी काढा घेऊन येत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. काकू म्हणजे अगदी मितभाषी, विचारावे तेवढेच उत्तर. पहिल्या दिवशी त्या बसल्या, मी गप्प, त्याही गप्प. दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोलल्या. चौथ्या दिवसापासून मात्र त्या बोलतच राहिल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "तुला बोलता येईना म्हणून बोलते आहे, माय. एरवी माझे बोलणे पुरते व्हायच्या आतच लोकांची उत्तरे तयार असतात."

त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता, त्यांनी सांगितलेले थोडेसे इथे सांगते. त्या म्हणाल्या, "संक्रांतीच्या दिवशी दुपारी चारला मी घराला कडी लावून मळ्यात जाते. काम काहीच नसते. बांधावर बसून राहते. दारात बसले तर वाटेने जाणाऱ्या बायका मला बघून हातातले ताट पदराआड धरतात. त्यांनाही वाईट वाटते गं, त्या काही वाईट नाहीत. म्हणून मीच दिसू नये असे करते. दिवे लागले की परत येते. कुणीतरी तिळगुळाची पुडी कडीला अडकवून गेलेले असते."

मी पाटी हातात घेतली. काय लिहावे सुचेना. काकूच म्हणाल्या, "लिहू नको. नुसते ऐक."

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट घोळते आहे. आपण गेली कित्येक वर्षे समजतो की काकूंना हळदीकुंकवाला येणे आवडत नाही, त्यांचे त्यांनीच तसे ठरवले आहे. मौनं संमतिलक्षणम् म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार. पण त्यांनी ठरवले असे म्हणायचे तर त्यांना कुणी विचारले होते का? मी धरले ते मौन आठ दिवसांचे, डॉक्टरांनी सांगितलेले, आणि ते संपल्यावर घरात गोड शिरा झाला. काकूंचे मौन कुणी सांगितले, आणि ते संपायचे कधी?

या दोन मौनांतला फरक समजायला आपले धरणच पाहा. भिंतीमागे पाणी अडते, पण ते अडते पुढे सोडण्यासाठी. वेळेवर सोडले की खालच्या वीजघरात साडेसात मेगावॅटची तीन यंत्रे फिरतात, पुढे सिद्धेश्वरवरून कालव्यांनी शेतोशेत ओल जाते. आपण होऊन धरलेले मौन असे असते. पण सोडायची वाटच नसलेले पाणी डबक्यात सडते. लादलेल्या मौनाची तीच गत.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो. त्या शंकराला नीलकंठ म्हणतो, कारण समुद्रमंथनातले हालाहल त्याने गळ्यात धरले. गिळले असते तर पोट जळले असते, थुंकले असते तर जग जळले असते. बायकांनाही असेच सांगतात की, बाई, विष पिऊन गप्प राहा, तुझा संसार म्हणजे तप. पण मला वाटते, शंकराने विष गळ्यात धरले ते एकदा, जगावर संकट आले तेव्हा, आणि सगळ्या देवांनी त्याचे उपकार मानले. रोजच्या रोज एकीनेच विष धरायचे आणि बाकीच्यांनी त्याची दखलही घ्यायची नाही, असे कोणत्या पुराणात आहे?

आता कुणी म्हणेल, हा धर्माचा विषय आहे, यात मंडळाने पडू नये. तर हे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. तो ठराव नजरेसमोर ठेवून इतर गावांनीही तसे करावे, असे परिपत्रक राज्य सरकारने त्याच महिन्यात 17 तारखेला काढले. एका खेड्याच्या चावडीवर झालेली गोष्ट सबंध राज्याला दाखला ठरली. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली एका विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांना गावाने वाळीत टाकले होते. त्याच महाराष्ट्रात आता गावच्या गाव ठराव करते. एवढे अंतर चालायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली हे खरे, पण चालले गेले.

आणि राजकारण म्हणजे केवळ मुंबई-दिल्लीचे नव्हे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. 1993 पासून देशभर एक तृतीयांश होत्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये निम्म्या केल्या. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी अशी कायद्यात तरतूद आहे. कशासाठी? तर पुरुषांच्या गर्दीत जिचा घसा बसतो तिला आधी बोलता यावे म्हणून. पण आपण जातो का? जातो तेव्हा सह्या करून चहा पिऊन परत येतो. सही म्हणजे बोलणे नव्हे. सरपंच बाई असते आणि बोलतात तिचे यजमान, हे कितीतरी गावांत चालते. तिच्या घशाला कोणता आजार झाला आहे, त्याला औषध कोणते, हा विचार डॉक्टरांनी नव्हे, आपण करायचा आहे.

म्हणून आज मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते.

पहिली अशी. पुढच्या वर्षीपासून आपल्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचे निमंत्रण घरटी द्यावे, सवाशिणींपुरते नव्हे. जी येईल तिला वाण, जी येईल तिला तिळगूळ. हळद-कुंकू लावून घ्यायचे की नाही हे तिचे तिने ठरवावे. कुणाचा नेम असेल, कुणाची श्रद्धा असेल, त्यावर जबरदस्ती नको. लादलेले मौन मोडायला निघालो आणि लादलेले कुंकू घेऊन गेलो, असे व्हायला नको. पण आधी विचारायचे, समोर बसून विचारायचे, आणि तिचे उत्तर पुरते होईपर्यंत आपण बोलायचे नाही. हे शेवटचे सगळ्यांत अवघड आहे. मला ते जमले, कारण माझा आवाज बंद होता. तुम्हांला घसा न बसवता जमवायचे आहे.

दुसरी अशी. 26 जानेवारी जवळ आली आहे. त्या सुमारास ग्रामसभा असते. आधीच्या महिला सभेला आपण मंडळातल्या सगळ्या जणी जाऊ या, आणि हेरवाडसारखा ठराव मांडायचा का यावर चर्चा करू या. सगळ्यांचे एकमत होईलच असे नाही. घरी सासरे रागावतील, देवळात कुजबुज होईल. विरोध करणाऱ्यांचेही ऐकून घेऊ. त्यांत बायकाही असतील. ज्या गोष्टीने आयुष्यभर आधार दिला ती एका ठरावाने जाईल की काय, अशी भीती म्हाताऱ्या माणसांना वाटते, आणि ती खोटी नसते. ठराव मांडताना कुणाच्या श्रद्धेची टवाळी होऊ नये, एवढे मात्र पाळू.

शेवटी काकूंविषयी एक सांगायचे राहिले. मी कालच त्यांच्याकडे गेले आणि आजच्या कार्यक्रमाला याल का म्हणून विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही गप्प बसले, आता मला सवय झाली आहे. मग म्हणाल्या, "यंदा नको. पण पुढच्या साली विचार." तेव्हा पुढच्या साली विचारायचे ही जबाबदारी माझी एकटीची नाही. ती आता तुम्हां सगळ्यांची झाली.

संक्रांतीला आपण एकमेकींना तिळगूळ देतो आणि गोड बोला म्हणतो. या सणात गोड राहा म्हणत नाहीत, गोड दिसा म्हणत नाहीत, बोला म्हणतात. तेव्हा भगिनींनो, गोड बोला, पण बोला. आणि शेजारी कुणी बोलू लागली तर आपला घसा क्षणभर बसला आहे असे समजा.

मीठपाण्याच्या गुळण्यांचे विसरू नका.